एकवीस दिवसांत सवय लागते का?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप गटांवर वर्षानुवर्षे फिरणारा एक संदेश सांगतो, की कोणतीही गोष्ट सलग 21 दिवस केली तर तिची कायमची सवय लागते.

या आकड्याचे मूळ सहसा 1960 सालच्या एका निरीक्षणात दाखवले जाते. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याला सरावण्यास रुग्णांना किमान 21 दिवस लागतात, असे अमेरिकेतील एका प्लास्टिक सर्जनने नोंदवले होते. ते सवयींचे मोजमाप नव्हते.

तसे मोजमाप लंडनमध्ये 96 जणांवर झाले. 2010 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात, कृती अंगवळणी पडण्याचा मध्य (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना अधिक) 66 दिवसांचा निघाला आणि व्यक्तीगणिक अंदाज 18 पासून 254 दिवसांपर्यंत पसरला. (निरीक्षण 84 दिवसांचेच होते, त्यामुळे 254 हा आकडा गणिताने काढलेला आहे.) पाणी पिण्यासारखी सोपी कृती लवकर रुळली, व्यायामाला अधिक काळ लागला, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत उपयोगाचा वाटतो, कारण आषाढातल्या पावसाने बेळगावच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावरची सकाळची फेरी बुडाली, म्हणून दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजण्याचे कारण उरत नाही.

पडताळा घरीही घेता येतो. काम चहानंतर किंवा दिवेलागणीला अशा ठरलेल्या वेळेशी जोडावे आणि ते झाले की भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी. ज्या दिवशी ते आठवण न करता, मनाची समजूत न घालता झाले, त्या दिवशी दुसरी खूण करावी. ही दुसरी खूण नियमित दिसू लागण्यास किती दिवस लागले, ते घरातल्या दोघांनी ताडून पाहिले तरी आकडे बहुधा जुळणार नाहीत.