कॉलेज फुटबॉलचा प्लेऑफ आखायचा झाला तर

ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑरेगनने ओहायो स्टेटला ३२-३१ असं एका पॉइंटने हरवलं. मग १ जानेवारी २०२५ ला प्लेऑफमध्ये (सीझनच्या शेवटी चॅम्पियन ठरवणारी बाद फेरी) त्याच ओहायो स्टेटने त्याच ऑरेगनला ४१-२१ असं धुतलं, आणि ऑरेगन तोपर्यंत एकही मॅच न हरलेली, पहिल्या नंबरची टीम होती. आता सांगा, दोघांत भारी कोण? अमेरिकेत कॉलेज फुटबॉल (हेल्मेट घालून, अंडाकृती बॉलने खेळतात ते) बघणारे लोक या प्रश्नावर गेली कित्येक दशकं भांडतायत, आणि मला हे भांडण फार आवडतं, कारण त्याच्या मुळाशी खरंखुरं गणित आहे.

अडचण काय ते आधी बघू. २०२४ मध्ये वरच्या डिव्हिजनमध्ये १३४ टीम होत्या आणि प्रत्येकीच्या सीझनमध्ये साधारण १२ मॅच. १३४ टीमच्या जोड्या होतात ८,९११ आणि सीझनभरात मॅच होतात फार तर ८०० च्या आसपास, म्हणजे दहातल्या नऊ जोड्या एकमेकींसमोर कधी येतच नाहीत. या खेळात अंगाची इतकी मोडतोड होते की आठवड्याला एकच मॅच खेळता येते, त्यामुळे ही माहिती वाढवायची सोयच नाही. बरं, ज्या मॅच होतात त्या तरी सरळ उत्तर देतात का? २००८ मध्ये टेक्ससने ओक्लाहोमाला हरवलं, ओक्लाहोमाने टेक्सस टेकला, आणि टेक्सस टेकने टेक्ससला! तिघांचाही रेकॉर्ड ११-१, म्हणजे अकरा जिंकल्या, एक हरली. अशा गोल चक्रातून एक, दोन, तीन असे नंबर कसे लावायचे?

आधी पत्रकार आणि कोच मतं देऊन चॅम्पियन ठरवायचे, आणि दोघांची मतं जुळली नाहीत की चॅम्पियन दोन, १९९७ मध्ये मिशिगन आणि नेब्रास्का दोघांना विजेतेपद मिळालं. १९९८ पासून मतांच्या जोडीला कॉम्प्युटर आले. त्यातली एक पद्धत वेस कोली नावाच्या खगोलशास्त्रज्ञाची, आणि ती मला फार सुंदर वाटते. सुरुवात अशी की जिंकलेल्या मॅचमध्ये १ मिळवा, खेळलेल्या मॅचमध्ये २ मिळवा आणि भागाकार करा. एकही मॅच न खेळलेल्या टीमला बरोबर अर्धा मिळतो, म्हणजे कुणाबद्दलच आधीपासून मत नाही. मग समोरची टीम किती तगडी होती त्यानुसार आकडा सुधारायचा, तिचा आकडा पुन्हा तिच्यासमोरच्या टीमवर अवलंबून, असं सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं आणि ती समीकरणं एकत्र सोडवली की रँकिंग मिळतं. किती पॉइंटने जिंकलात याला काही किंमत नाही. तरी वाद काही थांबले नाहीत, २००३ मध्ये पत्रकार आणि कोच दोघांच्याही यादीत यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी) पहिली होती पण एकत्रित आकड्यात तिसरी आली आणि फायनलला गेल्या दुसऱ्याच दोन टीम.

म्हणून २०१४ पासून निवड समितीने निवडलेल्या चार टीमचा प्लेऑफ आला. त्यातही २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट १३-० असूनही बाहेर राहिली, कारण क्वार्टरबॅक (बॉल फेकून हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू) जखमी होता. लोक चिडले. २०२४ पासून बारा टीम झाल्या, त्यातल्या चौघींना पहिल्या राउंडची सुट्टी.

पण टीम वाढवल्या की काय होतं ते बघा. समजा देशातली खरीच सगळ्यात भारी टीम कुठलीही तगडी मॅच जिंकायची शक्यता ७० टक्के आहे (प्रत्यक्षात हा आकडा प्रत्येक मॅचला बदलेल, पण हिशोबाला सोपा). चार टीमच्या प्लेऑफमध्ये तिला दोन मॅच जिंकायच्यात, ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ४९ टक्के. बारामध्ये सुट्टी मिळाली तर तीन मॅच, ३४ टक्के. सुट्टी नाही मिळाली तर चार मॅच, आणि उरतात २४ टक्के! म्हणजे कुणावर अन्याय नको म्हणून दार मोठं करायचं, आणि त्याच दारातून नशीबही आत येतं. २०२४ मध्ये सुट्टी मिळालेल्या चारही टीम आपली पहिलीच मॅच हरल्या आणि ट्रॉफी प्लेऑफच्या क्रमवारीत आठव्या असलेल्या ओहायो स्टेटने नेली. एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही हे खरं, पण गणितात असं होणं बसतं.

मग मी काय करीन? आयपीएलवाली पद्धत उचलीन. पहिल्या दोन टीम आपसात खेळतात, जिंकेल ती थेट फायनलला, हरेल तिला अजून एक संधी, आणि तिसरी-चौथी खेळून हरेल ती घरी. हिशोब करा: दोन्ही जिंकायची शक्यता ४९ टक्के, आणि पहिली हरून पुढच्या दोन जिंकायची ०.३ गुणिले ०.४९, म्हणजे जवळजवळ १५. एकूण ६४ टक्क्यांच्या जवळ. आणि भारी टीम चुकून तिसरी किंवा चौथी लागली तरी तीन मॅच, ३४ टक्के, म्हणजे आत्ता बारा टीममध्ये सुट्टी मिळून जेवढे मिळतात तेवढेच.

याला आठवडे लागतात तीन. बाराच्या प्लेऑफमध्ये राउंड आहेत चार, म्हणजे एक आठवडा हातात उरतो, आणि माझ्या मते सगळी गंमत त्या आठवड्यात आहे. बुद्धिबळात स्विस पद्धत असते ना, सारखे गुण असलेले एकमेकांसमोर आणि आधी भेटलेले पुन्हा नाहीत, तसं वरच्या आठ टीमना त्या आठवड्यात खेळवायचं. जोड्या अशा निवडायच्या की ज्या कधी भेटल्या नाहीत आणि ज्यांनी सारख्या टीमशीही फारसं खेळलेलं नाही, कारण आपल्याला सगळ्यात कमी माहिती तिथेच आहे. हरलं म्हणून कुणी बाहेर नाही, फक्त आकडे नव्याने काढायचे आणि मग वरच्या चार निवडायच्या. फ्लोरिडा स्टेटसारख्या टीमबद्दल खोलीत बसून अंदाज बांधण्यापेक्षा तिला मैदानात उतरू द्या, नवा क्वार्टरबॅक काय करतो ते दिसेल.

यात नुकसान आहेच, आणि मला ते टोचतं. बोइसी स्टेटसारखी छोट्या कॉन्फरन्समधली (कॉन्फरन्स म्हणजे एकमेकींशी नेहमी खेळणाऱ्या टीमचा गट) टीम बाराच्या प्लेऑफमध्ये पोचली तेव्हा आयडाहोतल्या लोकांना जो आनंद झाला असेल तो चारच्या यादीत क्वचित मिळेल. म्हणून आठातली एक जागा मी छोट्या कॉन्फरन्समधल्या सगळ्यात वरच्या टीमला राखून ठेवीन, आणि तिची स्विस आठवड्याची मॅच तिच्याच मैदानावर ठेवीन. मोठ्या टीम अशा मैदानांवर जायचं शक्यतो टाळतात, त्यामुळे नेमकी ती माहिती कुणाकडेच नसते.