मामाची मुलगी, रक्तगट आणि सीबीसीचा कागद

मराठवाड्यात हल्ली सोयरीक जुळवताना मुला-मुलीचा रक्तगट आवर्जून विचारतात. दोघांचा गट एकच निघाला की बैठकीत चुळबुळ सुरू होते. ‘मूल अपंग निघतंय म्हणं.’ एखादं चांगलं स्थळ तेवढ्यावरून मोडतंही. याला काडीचा आधार नाही. नवरा-बायको दोघंही ‘बी पॉझिटिव्ह’ असल्यानं बाळाचं काही बिघडत नाही. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तर डॉक्टरांना लक्ष ठेवावं लागतं, आणि त्यावर अँटी-डीचं इंजेक्शन आहे. गंमत अशी की मुलगी सख्ख्या मामाची असेल, तर त्याच बैठकीत कुणी काहीच विचारत नाही. घरचीच पोरगी, तिचं काय बघायचं!

मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क, ही इथली जुनी रीत. उत्तरेत अशी लग्नं निषिद्ध, दक्षिणेत पसंतीची, आणि महाराष्ट्र या दोन्हींच्या मधला, असं इरावती कर्वे यांनी नातेव्यवस्थेचा अभ्यास करताना नोंदवलं होतं. आपल्याकडे मामाची मुलगी चालते. आत्याची मात्र बऱ्याच घरांत चालत नाही. जनुकांना हा भेद कळत नाही. दोन्हीकडे नातं तेवढंच जवळचं.

अशा नात्यामुळं धोका किती वाढतो, याचा हिशोब थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर करून पाहू. हिमोग्लोबिनचा एक भाग ज्या जनुकावरून तयार होतो, ते अकराव्या गुणसूत्रावर असतं. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली असेल तर माणूस वाहक, म्हणजे ‘मायनर’. शेतात राबतो, पैलवानकी करतो, त्याला पत्ताही नसतो. दोन्ही बिघडल्या तर ‘मेजर’. असं बाळ पहिल्या वर्षातच पांढरं पडू लागतं आणि पुढं दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. रक्ताच्या एका पिशवीबरोबर शरीरात २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते हृदयात, यकृतात साचतं. त्यासाठी पुन्हा वेगळी औषधं.

आता एक तरुण वाहक आहे असं धरू. ती प्रत त्याला आईकडून आली असण्याची शक्यता निम्मी. आईकडे असेल तर तिच्या भावाकडे, म्हणजे मामाकडे असण्याची पुन्हा निम्मी. मामाकडून त्याच्या मुलीकडे उतरण्याची आणखी निम्मी. निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं: आठात एक. परक्या घरातली मुलगी केली आणि त्या समाजात समजा शंभरात एक वाहक असेल, तर ती वाहक निघण्याची शक्यता शंभरात एक. फरक एवढा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल ‘मेजर’ होण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं आजारी झालं म्हणून पुढची तीन चांगली होतील, असा त्याचा अर्थ नव्हे.

ही गोष्ट शास्त्राला सव्वाशे वर्षांपूर्वीच दिसली होती. लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड हे लघवी काळी पडण्याच्या एका दुर्मीळ आजाराचा अभ्यास करत होते. अशा बऱ्याच रुग्णांचे आईवडील एकमेकांची सख्खी चुलत-मामे भावंडं आहेत, हे त्यांनी १९०२ साली मांडलं.

तरी घाबरवण्यात अर्थ नाही. नात्यात नसलेल्या जोडप्यांच्या शंभर बाळांपैकी दोन-तीन बाळांत काही गंभीर जन्मजात दोष निघतो. मामे-आते भावंडांच्या लग्नात हे प्रमाण साधारण चार ते सहावर जातं. म्हणजे ‘आमच्या आजीनं मामाच्याच घरात दिलेलं, पोरं सगळी धडधाकट’ हे म्हणणारा खोटं बोलत नाही. ज्या घरात दोष निघतो तिथं मात्र बोल लागतो सुनेला. बिघडलेल्या दोन प्रतींपैकी एक नवऱ्याची असते, हे सासूला कोण सांगणार?

आणि नात्यातली लग्नं केवळ रिवाजानं होतात असंही नाही. नात्यात हुंड्याची घासाघीस कमी होते. बीड, जालन्याकडं ऊसतोडीला मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दिवाळीच्या सुमारास गाड्या निघायच्या आत लग्न उरकायचं तर मामाचं घर सगळ्यात जवळ.

‘मग परक्यात केलं की झालं,’ असंही म्हणता येत नाही. भारतातल्या आणि शेजारी देशांतल्या २६३ समाजगटांच्या जनुकांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-जीवशास्त्राच्या संस्थेचे शास्त्रज्ञ त्यात होते. त्यातल्या ८१ गटांची सुरुवात फार थोड्या पूर्वजांपासून झाल्याचं आढळलं, आणि मग शतकानुशतकं लग्नं आतल्या आत. त्यामुळं गोत्र वेगळं, गाव वेगळं, जिल्हा वेगळा, तरी जुनी सदोष प्रत दोन्हीकडं तीच असू शकते. आंध्र-तेलंगणाकडच्या आर्य वैश्य समाजाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. भूल देताना स्नायू सैल करायला वापरलं जाणारं एक औषध काही मिनिटांत उतरायला हवं. या समाजातल्या काहींत ते उतरवणारं विकर कमी असल्यानं श्वासाचे स्नायू बराच काळ लुळे राहतात. जाणकार भूलतज्ज्ञ हे आधीच विचारून घेतात.

वाहक ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. सुरुवात सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, साध्या कागदावर होते. एखाद्या गरोदर बाईचा रिपोर्ट घ्या: हिमोग्लोबिन १०.५, लाल पेशी ५८ लाख (म्हणजे ५.८ दशलक्ष), एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार ६५. ‘रक्त कमी आहे’ म्हणून तिला लोहाच्या गोळ्या मिळतात, महिनोनमहिने खाऊनही आकडा हलत नाही. इथं पेशी आकारानं बारीक आहेत, पण संख्येनं भरपूर. नुसती लोहाची कमतरता असती तर संख्याही सहसा घटली असती. ६५ ला ५.८ नं भागलं की येतात ११.२. हा भागाकार १३ च्या खाली आला की थॅलेसेमियाचा संशय घ्यायचा आणि एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी करायची. तिच्यात ‘ए-टू’ हिमोग्लोबिन ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर बाई वाहक. लोह फार कमी असेल तर हा आकडा फसवा खाली येऊ शकतो, एवढं ध्यानात ठेवायचं.

खरी अडचण वेळेची आहे. दोघंही वाहक निघाले तर साधारण अकराव्या आठवड्यापासून वारेचा कणभर तुकडा घेऊन गर्भाची तपासणी करता येते, पंधराव्यानंतर गर्भजलातून. ऊसतोडीच्या बाईचे नेमके हे आठवडे फडात जातात. शिवाय २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे अवघ्या ८०७ मुली होत्या. त्या बदनामीनंतर गर्भाची ‘तपासणी’ म्हटलं की माणसं दचकतात. १९९४ च्या कायद्यानं लिंग सांगायला बंदी आहे. आनुवंशिक आजारासाठी नोंदणी असलेल्या केंद्रात तपासणी करायला नाही.

सायप्रसमध्ये दर सातांत एक जण वाहक. १९८० च्या दशकात तिथल्या चर्चनं लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. लग्नं फारशी मोडली नाहीत. जोडप्यांनी गर्भतपासणीचा मार्ग घेतला आणि आजारी बाळं जन्मणं जवळपास थांबलं. आपल्याकडं दाखला फक्त मुलीकडून मागितला जाईल, ही माझी भीती आहे. एचपीएलसीत बाई वाहक निघाली की नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी, आणि ‘मला काय धाड भरलीय’ म्हणून तोच टाळतो. त्याचा रिपोर्ट नॉर्मल आला तर बाळाला ‘मेजर’ होण्याची भीती राहत नाही. फार तर निम्म्या शक्यतेनं ते आईसारखं वाहक होईल. मग तिच्या भावांची आणि बहिणींची तपासणी करायची, विशेषतः ज्यांची सोयरीक अजून ठरायची आहे त्यांची.