चंदेरी कागदापासून घासलेल्या लोखंडापर्यंत

शाळेच्या गॅदरिंगला पुठ्ठ्याच्या तलवारीला चंदेरी कागद लावायचो आपण, ती चमकायची भरपूर पण लोखंडाची काही वाटायची नाही. प्रॉप, म्हणजे सिनेमा-नाटकात हाताळायची नकली वस्तू, वापरून घासलेल्या लोखंडासारखी रंगवणं ही वेगळीच कला आहे. पूर्वीच्या बऱ्याच अंतराळपटांतही तेच, भविष्यकाळ म्हणजे सगळं चकचकीत.

हे खऱ्या अर्थाने बदललं 1977 च्या 'स्टार वॉर्स'ने. दिग्दर्शक जॉर्ज लुकसला वापरून वापरून मळलेलं जग हवं होतं आणि पैसे बेताचे, मग सेट डेकोरेटर रॉजर ख्रिश्चनने भंगार आणि जुन्या खऱ्या वस्तूच हाताशी घेतल्या. लाइटसेबरची, म्हणजे प्रकाशाच्या पात्याच्या तलवारीची, मूठ म्हणजे लंडनच्या फोटोग्राफीच्या दुकानात मिळालेला ग्राफ्लेक्स कंपनीच्या कॅमेरा-फ्लॅशचा दांडा, नायकांपैकी हान सोलोची ब्लास्टर बंदूक म्हणजे माउझर सी 96 पिस्तूल, स्टॉर्मट्रूपर या शत्रूच्या पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकांची बंदूक म्हणजे ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगन. धातूच खरा, त्यामुळे रंगाला फार काही करावं लागत नव्हतं.

पण पडझडीच्या, मारामारीच्या शॉटला खरी बंदूक कोण देणार, तिथे साच्यातून काढलेल्या रबर किंवा रेझिनच्या (ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या) हलक्या प्रती लागतात आणि मग लोखंडाचं सोंग रंगालाच आणावं लागतं. माझ्या मते या कलेचा कळस म्हणजे स्टार वॉर्सच्या 1980 च्या भागातला बोबा फेट हा चिलखतधारी शिकारी. त्याचा पोशाख आधी पांढरा होता, जो जॉन्स्टन नावाच्या कलाकाराने तो रंगवून जुना केला, हेल्मेटचा हिरवा रंग टवके उडाल्यासारखा आणि खालून चंदेरी डोकावतंय.

त्याच सुमारास रणगाड्यांची मॉडेलं करणारेही या वाटेवर होते, बेल्जियमचा मॉडेलकार फ्रान्स्वा व्हर्लिंडेन याच्यामुळे वॉश आणि ड्रायब्रश घराघरात पोचले. वॉश म्हणजे काळपट पातळ रंग फासून पुसायचा, तो फक्त खाचांत उरतो. ड्रायब्रश म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून फिरवायचा. स्टार वॉर्सची यानं बनवणारे तर अशाच मॉडेलांच्या किटचे (जोडायच्या खोक्यांचे) सुटे भाग चिकटवत होते, म्हणजे दोन्ही मंडळी एकाच खोक्यातून खात होती म्हणा ना.

आता थ्रीडी प्रिंटरमुळे घरोघरी प्रॉप बनतात, मॅट म्हणजे बिनचमक काळ्या रंगावर पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळली की स्टीलसारखी झाक येते, हे स्वस्त आणि अजूनही मस्त. चुकतं ते एकाच ठिकाणी, लोक सगळीकडे सारखेच ओरखडे मारतात. होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, आतबाहेर होणारं पिस्तूल नळीच्या तोंडाशी आणि कडांवर घासतं, कोपऱ्यात काळंच राहतं. मी तर रंग उघडायच्या आधी वस्तू हातात धरतो आणि बोटं कुठे टेकतात तिथे खडूने खुणा करून ठेवतो.