डॉल्फिन, कासव अन् जळगावचं 'नाणं' : पार्श्वभूमी

सोन्याच्या बुलियन नाण्यांवर (म्हणजे धातूच्या भावानं विकल्या जाणाऱ्या नाण्यांवर) सुरुवातीला जमिनीवरचेच प्राणी होते, १९६७ च्या दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगररँडवर स्प्रिंगबॉक हरीण, १९८२ पासून चीनचा पांडा. समुद्र बराच उशिरा आला. पलाऊ या प्रशांत महासागरातल्या बेट-देशानं १९९२ पासून सागरी जीव वाचवा म्हणून रंगीत नाणी काढली, पण ती हौशी लोकांसाठी, बुलियन नव्हे. खरा जोर २०१४ पासूनचा, आधी चांदीत शार्क, नियू या बेटाचं कासव, आणि २०१९ पासून ऑस्ट्रेलियाचे डॉल्फिन, ते सोन्यातही.

आता आपल्या खान्देशात अशा परदेशी नाण्यांची हौस रुजायला वेळ का लागला, तर माझ्या मते सगळा घोळ 'नाणं' या एका शब्दाचा आहे. जळगावच्या सराफ्यात आपण लक्ष्मीचं नाणं म्हणून जे घेतो ते कायद्यानं नाणं नाहीच, ते मेडल, कारण नाणं फक्त सरकार पाडू शकतं. डॉल्फिनवाल्यावर देशाचं नाव आणि किंमत छापलेली असते, ते तिथलं चलन असतं. (क्रुगररँडवर किंमत नाही तरी ते चलन आहे, म्हणजे नुसत्या छापलेल्या आकड्यावरूनही ठरवता येत नाही.) आणि गिन्नी म्हटलं की आपल्याकडे ८ ग्रॅमचं वजन डोळ्यासमोर येतं, नाणं नाही.

ऑगस्ट २०१३ मध्ये चालू खात्यातली तूट (देशात येणाऱ्यापेक्षा बाहेर जाणारा पैसा जास्त) वाढली म्हणून मध्यवर्ती बँकेनं सोन्याची नाणी आणि मेडल दोन्हींची आयात एकाच ओळीत बंद केली. तूट खरी होती, सोनं आवरणं गरजेचं होतं हे मान्य, पण वर्षाला एखादं नाणं जपून ठेवणारा आणि टनानं माल आणणारा एकाच मापानं मोजला गेला, हे मला आजही पटत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये आयात उघडली, बँकांना नाणी विकायची बंदी मात्र तेव्हा तशीच ठेवली, अन् त्याच नोव्हेंबरात सरकारनं स्वतःचं अशोकचक्राचं ५ आणि १० ग्रॅमचं नाणं काढलं. या सगळ्याच्या बराच आधी, सोन्यावर कडक बंधनं घालणारा १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० ला गेला, तो काळ जुन्या सराफांना चांगला आठवतो.

जुलै २०२४ ला सोन्यावरचं आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं तेव्हा चौकशी वाढणं साहजिक होतं. पण एक औंसाचं डॉल्फिनचं नाणं काट्यावर ठेवलं की ३१.१ ग्रॅम, म्हणजे तीन तोळे आणि वर ग्रॅमभर, एवढंच मोजलं जातं अन् भाव मोडीचा लागतो, डॉल्फिनचा वेगळा पैसा कोणी धरत नाही.