दुखणं कानाचं, वाट नाकाची

थंडीच्या दिवसांत आमच्या यावलकडे पोरगं रात्री “माय, कान दुखस” म्हणत रडत उठलं, की आजी लसूण घालून तेल कढवते आणि कोमट झालं की दोन थेंब कानात सोडते. माया खरी, पण ते तेल दुखण्यापर्यंत पोचतच नाही. मध्ये पडदा आहे आणि दुखणं पडद्याच्या पलीकडे, मधल्या कानाच्या इवल्याशा पोकळीत आहे. पडदा फाटलेला असेल, तर मात्र तेच तेल आत जाऊन त्रास वाढवतं.

जंतू येतात ते नाकामागून. तिथून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते, कानात हवा खेळती ठेवणारी. मोठ्यांची नळी तिरकी उतरते. तान्ह्यांची आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीने ती सुजून बंद झाली की आत पाणी साचतं, त्यात जंतू वाढतात आणि पू पडद्याला आतून रेटतो. ठणका या दाबाचा. आडवं झाल्यावर तो वाढतो, म्हणून रात्र जड जाते. 6 महिने ते 2 वर्षं या वयात हा त्रास सर्वाधिक.

म्हणून आधी ठणका थांबवायचा: वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. बरेच कान दोन-तीन दिवसांत आपोआप बरे होतात. मूल 2 वर्षांवरचं असेल, ताप-दुखणं बेताचं असेल आणि डॉक्टरांनी कान तपासून 48 ते 72 तास थांबायला सांगितलं, तर तो हलगर्जीपणा नव्हे. मात्र 6 महिन्यांच्या आतलं बाळ, 39 अंश सेल्सिअसवर (सुमारे 102 फॅरनहाइट) ताप किंवा वाहणारा कान असेल, तर अँटिबायोटिक लागतं, आणि सांगितले तितके दिवस पूर्ण द्यावं लागतं.

कान फुटला की दुखणं एकदम उतरतं आणि घरच्यांना हायसं वाटतं. पडदा बहुधा काही आठवड्यांत भरून येतो. पण “लहानपणी सगळ्यांचेच कान वाहतात” हे वाक्य ऐकलं की माझा जीव तुटतो. दोन आठवड्यांनंतरही वाहणारा कान म्हणजे बोलणं शिकायच्या वयात ऐकू कमी येणं. डॉक्टरांना दाखवेपर्यंत स्वच्छ सुती कापडाची वात करून पू टिपावा, ओली झाली की बदलावी; काडी, पिचकारी काही घालू नये. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

या दुखण्यामागच्या एका मुख्य जंतूवरची न्यूमोकोकल लस 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते: 6 आठवडे, 14 आठवडे आणि 9 महिन्यांना. बाळाला आडवं निजवून बाटली देऊ नये. चुलीत पऱ्हाट्या जळत असताना त्याला धुरापासून लांब ठेवावं.

ताप-दुखणं गेल्यावरही आतलं पाणी कित्येक आठवडे राहू शकतं. मागून हाक मारल्यावर पोरगं वळत नसेल, तर त्याला हट्टी म्हणू नका. तीन महिन्यांनंतरही तसंच असेल, तर श्रवणचाचणी करून घ्या.