भाकरी गिळवत नाही तेव्हा

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावरचं रेडिएशन, आपल्याकडे ज्याला ‘शेक’ म्हणतात, बहुधा 6 ते 7 आठवडे चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटतं, लाळ आटते, चव जाते. जळगाव-धुळ्याच्या घरात मग कळण्याची भाकरी टोचू लागते, भरितातल्या मिरचीनं जीव कासावीस होतो. घरचे मायेनं पेज देतात. पण पातळ पेजेत बहुतेक पाणीच असतं, आणि 50 किलोच्या रुग्णाला रोज निदान 1250 ते 1500 कॅलरी आणि 60 ते 75 ग्रॅम प्रथिनं लागतात.

नुसता उपास घडला तर शरीर हळूहळू चरबीवर येतं, स्नायू राखून ठेवतं. कर्करोगात हा हिशेब बिघडतो. शरीरात दाह पेटलेला असतो. त्याचे रासायनिक निरोप स्नायूंना मोडायला लावतात, भूकही मारतात. त्यात गाठीच्या पेशी उधळ्या. ऑक्सिजन असूनही त्या साखर अर्धवटच वापरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी 1920च्या दशकातच दाखवलं. ग्लुकोजच्या एका रेणूतून त्यांना ऊर्जेची 2 एककं मिळतात. उरलेल्या लॅक्टेटपासून, म्हणजे अर्धवट वापरलेल्या साखरेच्या अवशेषापासून, पुन्हा ग्लुकोज बनवायला यकृताला 6 खर्चावी लागतात. तोटा रुग्णाच्या खात्यावर!

‘साखर बंद करा, गाठ उपाशी मरेल’ हा सल्ला म्हणूनच मला धोक्याचा वाटतो. बाहेरून साखर थांबवली तर यकृत स्नायूंच्या प्रथिनांतून ती तयार करतं. गाठीला मिळायचं ते मिळतंच, दंड मात्र वाळतात. (मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टरांचंच ऐकायचं.) वजन उतरलं की शेक घेताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवलेला मुखवटाही सैल होतो आणि कधीकधी शेकाची आखणी नव्यानं करावी लागते.

तेव्हा पेजेऐवजी घट्ट वरण, दुधात कुस्करलेलं पिकलं केळं, ताकात कालवलेला मऊ भात, वर चमचाभर तूप. एका चमच्यात 45च्या आसपास कॅलरी. एवढंही उतरत नसेल तर नाकातून नळी. नळी म्हटली की ‘आता संपलं’ म्हणून घर रडू लागतं. खरं तर बहुतेकांची ती उपचार संपून गिळणं सुधारलं की निघते. फक्त ती असतानाही डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर घोट-घोट गिळत राहायचं, कारण घशाचे स्नायू वापरले नाहीत तर गिळणं विसरतात.