डायरेक्ट सप्लाय आणि चावीचा सप्लाय: गाडीत एलईडी पट्टी लावताना होणारा घोटाळा

गोव्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की म्हापशापासून काणकोणापर्यंत गाड्यांमध्ये पायांकडच्या बाजूला निळ्या-जांभळ्या पट्ट्या चमकू लागतात. चवथ संपली की त्यातल्याच काही गाड्या सकाळी सेल्फ मारल्यावर नुसत्या ‘टक टक’ करतात. मग धक्का मारायला माणसं शोधायची, आणि मग तोच प्रश्न: ‘अरे, स्विच बसवला होता ना, मग बॅटरी उतरली कशी?’ मी वर्षानुवर्षं एकच उत्तर देतो आहे. स्विचमध्ये काही चूक नव्हती. स्विचला येणारी प्लसची वायर चुकीच्या ठिकाणाहून घेतली होती.

स्विच काय करतो हे कुणाला सांगायला नको. घरातलं बटण जे करतं तेच तो गाडीत करतो. प्लसच्या वायरीत तो बसवायचा, मायनस बॉडीला द्यायचा. घोटाळा सगळा स्विचच्या अलीकडे आहे.

गाडीत प्लस दोन जातींचा असतो. एक डायरेक्ट: बॅटरीतून निघून फ्यूजमधून आलेला, चावी तुमच्या खिशात असली तरी जिवंत. धोक्याचे इंडिकेटर, सेंट्रल लॉक, घड्याळाची आठवण हे सगळं यावर चालतं. दुसरा चावीचा: चावी फिरवली तरच येणारा, काढली की जाणारा. वायरिंगच्या नकाशांत जर्मन प्रमाणाचे, डीआयएन ७२५५२ चे, आकडे बऱ्याचदा दिसतात. त्यात ३० म्हणजे डायरेक्ट, १५ म्हणजे चावी ‘ऑन’वर असतानाचा सप्लाय, ७५ म्हणजे ॲक्सेसरीचा, ३१ म्हणजे मायनस. रिलेच्या, म्हणजे लहान करंटनं मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या डबीच्या, पायावर ३० लिहिलेलं असतं तेही याच यादीतलं.

इतकं सरळ असूनही चूक होते, कारण काम करताना चावी लावलेली असते. वायरमन डॅशखाली डोकं घालतो, टेस्टरचा चिमटा बॉडीला लावतो, टोक एका वायरीत खुपसतो, टेस्टर पेटतो आणि तो म्हणतो, ‘मिळाला प्लस’. चावी ऑन असताना डायरेक्टची वायरही पेटते आणि चावीचीही. टेस्टर दोन्हींवर सारखाच उजेड देतो. जी वायर हाताशी सापडली ती घेतली जाते, आणि ती बहुतेक वेळा डायरेक्टची निघते. केबिनच्या दिव्याची वायर तर खास फसवी. बऱ्याच गाड्यांत दाराचं बटण त्या दिव्याचा मायनस तोडतं, प्लस तिथे चोवीस तास उभा असतो.

यावर हमखास येणारं बोलणं म्हणजे, ‘मी आठवणीनं स्विच बंद करीन’. ही गोष्ट आठवणीवर सोडायची नाही, असं माझं ठाम मत आहे. भर दुपारी पणजीत मार्केटजवळ गाडी लावा. बाहेर रणरणतं ऊन असतं, काचांतून तो सगळा उजेड आत येतो. पायांकडची पट्टी पेटलेली आहे की नाही हे डोळ्यांना कळतच नाही. रात्री विसरलं तर निदान गाडीकडे मागे वळून पाहिल्यावर दिसतं, दिवसा तेही नाही.

आता हिशेब बघा. ५०५० जातीची, मीटरला ६० एलईडी असलेली पट्टी १२ व्होल्टवर मीटरमागे साधारण १४ वॅट खाते, म्हणजे सुमारे १.२ अँपिअर. चार जागी ३० सेंटिमीटरचे तुकडे लावले तर एकूण १.२ मीटर पट्टी झाली, म्हणजे जवळजवळ दीड अँपिअर. लहान हॅचबॅकमध्ये ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे एक अँपिअर ३५ तास देईल अशी, बॅटरी सर्रास असते. रात्री आठला उभी केलेली गाडी सकाळी आठपर्यंत १७ अँपिअर-तास, म्हणजे निम्मी बॅटरी, देऊन बसते. बॅटरी नवी असेल तर एक वेळ सेल्फ लागेल. तीन उन्हाळे खाल्लेली असेल तर नाही. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मात्र नवी-जुनी सगळी सारखीच.

पट्टी बंद असली तरी रंग बदलणारा रिमोटचा किंवा ब्लूटूथचा डबा असेल तर तो रिमोटची वाट पाहत जागा असतो आणि थोडा थोडा करंट खात राहतो. हा डबा डायरेक्टवर बसवून ‘रिमोटनं बंद केलं’ म्हणणं म्हणजे बंद करणंच नव्हे. तो २० मिलिअँपिअर खातो असं धरू, आणि गाडीची स्वतःची झोपेतली खपत तेवढीच धरू. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी मग ३६ दिवसांत तळाला जाते. रोज गाडी चालवणाऱ्याला हे कळणारही नाही. पण आपल्याकडे घराघरात तारवटी, म्हणजे खलाशी, आहेत. माणूस बोटीवर जातो, गाडी महिनोन्‌महिने दारात झाकून उभी असते. जाणते लोक जाताना बॅटरीचा मायनस काढून ठेवतात. ज्यांच्या घरचे आठवड्यातून एकदा गाडी सुरू करतात, त्यांच्या बॅटरीवर हा डबा दर आठवड्याला फुकटचं ओझं टाकतो.

म्हणून स्विच आणि चावी ही दोन वेगळी कामं आहेत. उजेड हवा की नको हे स्विच ठरवतो, गाडी वापरात आहे की नाही हे चावी ठरवते. दोन्ही एकाच वायरीवर, एकामागोमाग एक हवेत.

चावीच्या सप्लायमध्येही दोन पायऱ्या आहेत आणि इथे मी हट्टानं ॲक्सेसरीच घेतो. चावीच्या भोवती ‘एसीसी’ अशी खूण असते ती पहिली पायरी. बटणाच्या गाडीत बहुधा ब्रेक किंवा क्लच न दाबता एकदा बटण दाबलं की तीच मिळते. मिरामारला गाडी लावून गाणी ऐकत बसायचं असेल तर तेवढी पुरते, इंजिनचा संगणक उठवायची गरज नाही. ‘ऑन’च्या फ्यूजांवर इंजिनचा संगणक, एबीएस, एअरबॅग अशी मंडळी बसलेली असतात. सजावटीच्या दिव्यासाठी त्यांच्या वायरीत तोंड घालणं मला अजिबात मान्य नाही. पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या जोडाच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना तर टेस्टरसुद्धा लावायचा नाही.

ॲक्सेसरीवर पट्टी जोडली की सेल्फ मारताना ती क्षणभर विझते. ही बिघाडाची खूण नाही. सगळा जोर स्टार्टरला मिळावा म्हणून तेवढ्या वेळापुरता ॲक्सेसरीचा सप्लाय तोडला जातो. म्हणजे तुमची वायर नेमकी योग्य जागी आहे. ‘लाइट ब्लिंक होते, नीट करून द्या’ असं सांगून बरोबर केलेलं काम पुन्हा डायरेक्टवर करून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

शोधायचं कसं? टेस्टर नको, व्होल्ट आकड्यात दाखवणारा मल्टिमीटर घ्या आणि एकाच फ्यूजवर तीनदा मोजा: चावी बाहेर, चावी ॲक्सेसरीवर, चावी ऑनवर. चावी बाहेर असताना १२ व्होल्ट दिसले तर तो डायरेक्ट, सोडून द्या. पुष्कळ गाड्यांत मोबाइल चार्ज करायच्या सॉकेटचा फ्यूज ॲक्सेसरीवर असतो. काही गाड्यांत तोही डायरेक्ट निघतो, म्हणून मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका. तिथे फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या जागी बसून वेगळ्या फ्यूजमधून नवी वायर काढून देणारा जोड, लावला की मूळ वायर कापायची गरजच उरत नाही. टॅपचा सप्लाय घेणारा पाय फ्यूजबॉक्सच्या जिवंत बाजूला यायला हवा. उलटा बसला तरी पट्टी पेटते, पण तिचा करंट जुन्या फ्यूजमधून जातो.

बाकीचं थोडक्यात. पट्टीचा फ्यूज ३ अँपिअरचा, जांभळा, सप्लाय घेतला तिथेच जवळ. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो, त्यामुळे १५ चा निळा ‘उडत नाही’ म्हणून घालू नका. रिलेची इथे गरज नाही. दीड अँपिअर साधा स्विच आरामात पेलतो. आत दिवा असलेला तीन पायांचा स्विच असेल तर पितळी पाय बहुधा मायनसचा असतो. तिथे पट्टीची वायर आणि पट्टीच्या पायावर मायनस दिला तर स्विच दाबताक्षणी फ्यूज उडतो. इलेक्ट्रिकच्या दुकानातला घरगुती २५० व्होल्टचा स्विच आणलात तर त्यातला निऑनचा छोटा दिवा १२ व्होल्टवर पेटणारच नाही.

जोडांच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळणं आपल्या हवेत चालत नाही. उन्हात टेपचा गोंद वितळून चिकचिक होतो, जून उजाडला की आत ओल शिरते, आणि खारी हवा तांब्याला हिरवं करून सोडते. क्रिंप करा, म्हणजे धातूच्या टोपणात वायरी घालून पकडीनं दाबा, वर गरम केल्यावर आकसणारी नळी चढवा. मायनस रंगावर नव्हे, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टनं कसा. आणि पट्टी आतच ठेवा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ चा नियम १०८ बाहेर दिसणाऱ्या दिव्यांच्या रंगांवर बंधन घालतो.

डायरेक्ट योग्य ठरतो ती एक जागा सांगायला हवी: दार उघडल्यावर पेटणारा पायांकडचा दिवा. त्याला चावीशिवाय जगायचंच असतं. पण तिथे विझवायचं काम दाराचं बटण करतं, तुमची आठवण नव्हे. ज्याला हे हवं त्यानं ते केबिनच्या दिव्यासोबत जोडावं, वेगळा स्विच देऊन नव्हे.

काम झाल्यावर स्विच मुद्दाम चालूच ठेवा. चावी काढा, दार उघडून बंद करा, गाडी लॉक करा. नव्या गाड्या काही वेळ सप्लाय धरून ठेवतात, म्हणून पंधरा मिनिटं थांबा आणि मग काचेतून आत वाका. पट्टी पेटलेली दिसली तर वायर डायरेक्टवर आहे, त्याच संध्याकाळी परत उघडा.